उजव्या हाताचा क्लच

क्लच म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. फटफटीचं इंजिन चालू असलं की सारखं फिरत असतं. चाकाला मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. या दोघांना जोडणारी आणि तोडणारी जी चीज इंजिनाशेजारच्या डब्यात बसवलेली असते, तिला क्लच म्हणतात. हँडलच्या डाव्या मुठीपाशी तिची लिव्हर असते. डाव्या हातानं ती आवळून धरली की इंजिन आणि चाक यांची फारकत होते आणि गाडी गिअरमध्ये असली तरी उभी राहते. हळूहळू सोडली की दोघं पुन्हा एकत्र येतात आणि गाडी चालू लागते. एकदम सुटली, तर गाडी उडी मारते. बस्स, एवढंच. एवढ्याशा गोष्टीनं माझी अक्कल कशी गुंग झाली, ते सांगायला बसलोय.

मी गनी मिस्त्री. फटफट्यांचं काम शिकलो हैदराबादेत, निजामाच्या फौजेच्या कारखान्यात. विलीनीकरण झालं, फौज गेली, कारखाना गेला, मी आपल्या गावी उस्मानाबादेत परत आलो आणि मोटार स्टँडच्या मागं पत्र्याचं शेड टाकलं. माझी शाळा उर्दूत झालेली. मराठी बोलायला जन्मापासून येत होती, वाचायला नव्हती. दुकानाची उर्दू पाटी उतरवून मी मराठीत पाटी करून घेतली, तर रंगाऱ्यानं 'मिस्त्री'चं 'मिस्री' करून ठेवलं. लोक हसायचे, माझ्या कितीतरी दिवस ध्यानातच आलं नाही. त्या काळात सगळंच असं होतं. आम्ही जागचे हललो नाही आणि जिल्हा आधी हैदराबाद राज्यात होता तो मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात. कचेरीत कुठल्या भाषेत बोलावं तेही कळायचं नाही.

फटफटीला मात्र राज्य कुठलं आहे ते ठाऊक नसतं. म्हणून मला तिच्यापाशी बरं वाटायचं.

गावात फटफट्या फार नव्हत्या. बहुतेक लष्करानं लिलावात काढलेल्या, लढाई बघून आलेल्या. पण ज्यांच्याकडं होत्या ते वेडे होते. रविवारी सकाळी सगळे माझ्या शेडात जमायचे. कुणी इंजिनातल्या टॅपेटची फट बघायचं, कुणी चेनला ग्रीस लावायचं, आणि मग इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून ज्याचा त्याचा रंग बघायचे. प्लगचं टोक विटकरी निघालं तर इंजिन खूष, काळं निघालं तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं तर कमी. माणसं पोरांच्या पत्रिका बघावी तशी एकमेकांचे प्लग बघायची. त्यात एक वकीलसाहेब होते. त्यांचा प्लग कायम काळा, आणि तो विटकरी आहे असा त्यांचा युक्तिवाद.

या मंडळींत सगळ्यांत चांगली गाडी चालवायचे ते तामलवाडीचे दिगंबरराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, गावही मी मुद्दाम दुसरं घेतलंय. मोठी शेती, उंचापुरा माणूस, बोलणं कमी. त्यांच्या मागं बसलं तर गिअर कधी पडला ते बसणाऱ्याला कळायचं नाही. इंजिनाच्या आवाजातच तो मिसळून जायचा. तुळजापूरचा घाट ते असे चढायचे की खालून ऐकणाऱ्याला वाटावं, रस्ता सपाट आहे. मी तोवर फौजेतले मोठमोठे स्वार बघितले होते. तसा डावा हात मी कुणाचा बघितला नव्हता.

एका रविवारी ते आले आणि म्हणाले, "गनी, हिला उडी मारायची सवय लागलीय बघ."

"म्हंजे, राव?"

"गिअरमधे उभी केली, क्लच धरलेला हाय, तरी मधेच टुणकन पुढं जाती."

हा रोग मला पाठ होता. क्लचच्या डब्यात एकावर एक चकत्या असतात, त्यांना कॉर्क बसवलेला असतो. तेल जास्त गेलं की चकत्या एकमेकींना चिकटतात, मग लिव्हर आवळली तरी सुटत नाहीत. मी डबा उघडला, चकत्या पेट्रोलनं धुतल्या, पुसल्या, बसवल्या. तुळजापूरच्या रस्त्यावर लांबवर जाऊन आलो. वाटेत दहा जागी थांबवून क्लच धरून उभा राहिलो. गाडी गाईसारखी उभी.

पुढच्या खेपेला ते पुन्हा हजर. "न्हाय जमलं."

मी लिव्हरपासून डब्याकडं जाणारी वायर बदलली. स्प्रिंगा बदलल्या. पुन्हा चालवून बघितली. काहीही नाही. दिगंबरराव घेऊन गेले आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा जरा चिडलेले होते.

"राव, माझ्यापाशी तर उडत न्हाय," मी म्हणालो.

"मंग म्या खोटं बोलतो व्हय?"

"चला, मी मागं बसतो."

नाक्यापर्यंत गेलो. पुढं बैलगाड्या आडव्या होत्या म्हणून त्यांनी गाडी थांबवली. जरा वेळ गेला आणि खरंच, टुणकन! बैलाच्या शेपटीजवळ जाऊन इंजिन बंद पडलं. गाडीवान शिव्या देत होता आणि मला आनंद झाला, की चला, रोग आहे. मी दिगंबररावांना उतरवलं, स्वतः बसलो, त्याच जागी, त्याच गिअरमध्ये क्लच धरून उभा राहिलो. गाड्या गेल्या, रस्ता मोकळा झाला, तरी मी उभाच. गाडी तसूभर हलली नाही.

मी उतरलो.

"तुमच्याकडंच का उडती?" मी विचारलं.

"तिलाच इचार."

रविवारच्या मंडळींना विषय मिळाला. वकीलसाहेब म्हणाले, "दिगंबरराव, गाडीला नवा मालक हवाय. नवऱ्याला कंटाळलेली बाई अशीच वागते." सगळे हसले. दिगंबररावही हसले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मी क्लचचा विचार करत जेवत होतो, क्लचचा विचार करत नमाज पढत होतो. मशीन खोटं बोलत नाही असं मला कारखान्यातल्या उस्तादांनी शिकवलं होतं. माणूसही खोटं बोलत नव्हता, मी स्वतः मागं बसून बघितलं होतं. मग खोटं कोण बोलत होतं?

तोवर तुळजापुरात ते घडलं. देवीच्या रस्त्याला गर्दीत दिगंबररावांनी गाडी थांबवली होती. समोरून एक बाई कडेवर लेकरू घेऊन चालली होती. गाडीनं उडी मारली. चाक त्या बाईच्या लुगड्यापाशी जाऊन थांबलं. कुणाला लागलं नाही. पण दिगंबरराव तिथून सरळ माझ्याकडं आले ते पांढरेफटक पडलेले.

"गनी, आता गंमत न्हाय राहिली. आज लेकरू गेलं असतं."

गाडी नुकतीच थांबलेली, इंजिन तापून टिकटिक करत होतं. मी एका बाजूला बसलो, ते दुसऱ्या बाजूला उकिडवे बसले आणि क्लचची वायर डब्यात शिरते तिथं बोट दाखवून सांगू लागले, "हितं काईतरी अडकतंय बघ, हितं." मी वाकून बघत होतो. तेवढ्यात मला जळल्याचा वास आला. मला वाटलं वायरचं रबर जळतंय. मी रबर शोधू लागलो. रबर शाबूत होतं. मग वाटलं चकत्यांचा कॉर्क. पण कॉर्कचा वास मला माहीत होता, तो असा नसतो. दिगंबरराव बोलतच होते. मी मान वर केली तर त्यांच्या डाव्या हाताची करंगळीकडची कड सायलेन्सरच्या नळीवर टेकलेली, इंजिनातून नळी बाहेर पडते अगदी तिथं. त्या नळीवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडून जातो.

"राव! हात!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं बघितलं. सावकाश उचलला. कातडी नळीला चिकटून राहिली.

"कळलं न्हाय," ते म्हणाले. मग हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "नांगर धरून कातडी जाड झालीया."

मी थंड पाणी आणलं, स्वच्छ फडकं बांधलं. बांधताना बघितलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. मी ती सरळ करायला गेलो तर होईनात. मनगटाच्या वर रुपयाएवढा फिकट डाग. मी त्या माणसाचा हात हजार वेळा हँडलवर बघितला होता, तो नुसता कधी बघितला नव्हता.

"गाडी दोन दिस ठेवून जा," मी म्हणालो.

दिगंबरराव मोटारीनं गावी गेले आणि मी शेडात बसून राहिलो. तुळजापूरला जाता-येता वाटेत ज्यांचे हात झडलेले असतात, डबडं पुढं करून बसलेले असतात, ती माणसं कुणी बघितली नाहीत? तो रोग माझ्या मनात आला. पण मनात आला म्हणून तोच असेल कशावरून? मी काय हकीम होतो? आणि समजा तोच असला, तर कुणाला सांगायचं? त्यांना सांगावं तर कुठल्या तोंडानं? दुसऱ्याला सांगावं तर त्यांचं घर बसलं. मला माहीत होतं, त्यांच्या धाकट्या बहिणीची सोयरीक चालली होती. त्या रोगाचं नाव नुसतं हवेत फिरलं असतं तरी पाहुणे परत फिरले असते.

घरी गेलो तर आणखीच घोळ झाला. माझेही हात घट्ट्यांनी भरलेले. गरम नट बोटानं उचलायची मला सवय. मनात आलं, आपल्याला तरी चटका कळतो का? चुलीतलं जळतं लाकूड घेऊन मी तळहाताजवळ नेलं. काही वाटेना. आणखी जवळ नेलं. माझी बायको रशीदा दारातून बघत होती.

"दिवाने हो गए क्या जी?" ती ओरडली आणि त्याच वेळी मला चटका बसला. इतका आनंद मला चटक्याचा कधी झाला नव्हता. मी हसतोय आणि फुंकर मारतोय. ती डोक्याला हात लावून आत गेली. तिला काय सांगणार?

दिगंबरराव गाडी न्यायला आले तेव्हा मी सांगितलं, एक भाग खराब आहे, मुंबईहून मागवलाय. हे धडधडीत खोटं होतं. गाडीत काही म्हणजे काही खराब नव्हतं. पण ती त्यांच्या हातात दिली तर पुढच्या खेपेला बाईच्या लुगड्यापाशी थांबेलच असं नव्हतं. ते पुन्हा आले, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा वकीलसाहेबांना घेऊन आले. वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. कुठला भाग? कुणाकडून मागवला? मी घाबरून प्रत्येक वेळी वेगळा भाग सांगितला. वकीलसाहेब दिगंबररावांकडं बघून म्हणाले, "हा माणूस काहीतरी लपवतोय."

दिगंबरराव मला नेहमी 'तू' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "गनी मिस्त्री, आमची गाडी तुम्ही इकली असंल तर तसं सांगा." ते 'तुम्ही' मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

गाडी मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली होती. मी दाखवली. ते दोघं आणखीच बुचकळ्यात पडले. गाडी सगळी जोडलेली, पुसलेली, आणि मिस्त्री म्हणतो भाग यायचाय. मी म्हणालो, "राव, मला फकस्त ह्या रविवारपतुर मुदत द्या." का मागितली ते मलाच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आपली फटफटी घेऊन आले. ते खेड्यापाड्यांत फिरायचे, त्यांच्या गाडीचं पंक्चर निघालं नाही असा आठवडा नसायचा. मी टायर उतरवत, मान खाली घालूनच विचारलं, "डॉक्टरसाहेब, एखाद्याचा हात भाजला आणि त्याला कळलंच न्हाय, तर ते कशामुळं?"

डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं.

"कुणाचा हात?"

"आसंच. एकाचा."

"डोळे मीट," ते म्हणाले. मी मिटले. त्यांनी प्लग पुसायच्या कापसातला धागा काढला आणि माझ्या हातांवर, कोपरांवर, कानांवर फिरवत विचारत राहिले, कळतंय का, कुठं? मग माझ्या कोपराच्या आतली शीर चाचपली. त्यांना वाटलं, तो 'एक' म्हणजे मीच. भर दुपारी, स्वतःच्या दुकानात डोळे मिटून मी कलमा म्हणत होतो.

"तुला काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आता ज्याचा असेल त्याला घेऊन ये."

"कसा आणू, साहेब? त्यो माझा शत्रू झालाय."

डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. हात लावल्यानं, एका पंगतीत जेवल्यानं लागावा असा हा रोग नाही. यावर आता गोळ्या निघाल्यात, रोज न चुकता बरीच वर्षं घ्याव्या लागतात, पण माणूस बरा होतो. मात्र उशीर झाला तर बोटांची जी ताकद गेली ती येत नाही. "म्हणून लवकर," ते म्हणाले. "आणि मी कुणाला सांगत नसतो. तूही सांगू नकोस."

रविवारी दिगंबरराव सगळ्यांच्या आधी आले, एकटेच. मी गाडी बाहेर काढून उभी केली होती.

"आला का भाग?"

"राव, गाडीत कायबी खराब न्हाय. पयल्या दिवसापास्नं न्हाय."

"मंग?"

मी त्यांच्या डाव्या हाताकडं बघितलं. भाजलेल्या जागेची खपली निघाली नव्हती. मला जे बोलायचं होतं ते मी रात्रंदिवस घोकलं होतं, ते सगळं विसरलो. नुसतं एवढंच म्हणालो, "राव, क्लच सुटत न्हाय. हात सुटतोय."

हँडलजवळ जाऊन त्यांनी डाव्या हातानं लिव्हर आवळली. आवळून धरली. मी बघत होतो, ते बघत होते. जराशानं ती दोन बोटं थरथरली आणि लिव्हर त्यांच्या मुठीतून हळूहळू बाहेर आली. त्यांनी सोडली नव्हती. ती आपली आपण आली.

"तुला कवापास्नं म्हाईत होतं?"

"मला आजूनबी म्हाईत न्हाय, राव. मला फकस्त वास आला." मग मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, धापा टाकत, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत. रोगाचं नाव मी घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

रस्त्यावर वकीलसाहेबांच्या गाडीचा आवाज ऐकू आला. दिगंबरराव चटकन म्हणाले, "गाडी तू चालव."

आणि ते माझ्या मागं बसले. त्या गाडीवर त्यांना मागं बसलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं. वकीलसाहेब समोरून आले ते तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मी इतका घाबरलो होतो की गिअर टाकताना कडकन आवाज केला. मागून शब्द आला नाही. एरवी त्यांनी माझी खाल काढली असती.

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, मी बाहेर गाडीपाशी उभा राहिलो. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "चल." वाटेत चहाच्या टपरीशी त्यांनी थांबायला सांगितलं. चहा आला. त्यांनी आपला कप हातात घेतला आणि माझ्यापासून जरा लांब, दगडावर जाऊन बसले. मी उठून त्यांच्या शेजारी बसलो. ते आणखी सरकले. मी आणखी सरकलो. तो दगड काही फार मोठा नव्हता. शेवटी ते म्हणाले, "आता म्या पडंन की, गनी." तेव्हा मला कळलं, भांडण मिटलं.

पुढची वर्षं गमतीची आणि वैतागाची. गोळ्या न्यायला त्यांना वरचेवर उस्मानाबादेत यावं लागायचं. घरी कारण काय सांगणार? ते सांगायचे, "त्या गन्याला क्लच काय जमंना, पुन्ना बोलावलंय." सगळ्या तालुक्यात झालं, की गनी मिस्त्रीला क्लचचं काम येत नाही. माझी नेहमीची गिऱ्हाइकं क्लचसाठी सोलापूरला जायला लागली. मी फौजेत शिकलेला माणूस. क्लच हेच माझं खास काम! पण काय करणार, गप्प बसायचो. बहिणीचं लग्न थाटात झालं. दिगंबररावांनीच मला आग्रहानं बोलावलं आणि पाहुण्यांशी ओळख करून दिली, "हे आमचे मिस्त्री, ज्यांना क्लच येत न्हाय ते." पाहुणे हसले. दिगंबररावांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

रोग हटू लागला, पण ती दोन बोटं तशीच राहिली. एक दिवस ते म्हणाले, "हाताचं डॉक्टर बघत्याल. गाडीचं तू बघ."

"गाडीचं काय बघू?"

"मला चालवायचीया."

मी पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी क्लचची लिव्हर डावीकडून काढून उजव्या मुठीला बसवली आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर डावीकडं नेली; थांबायला पायाचा ब्रेक होताच. वायर लांब केली, वळण बदललं. बसवायला सोपं, पण चालवायला महाभयंकर. उजव्या मुठीत आधीच पेट्रोलची पिळायची मूठ असते. आता त्याच हाताच्या बोटांनी क्लच सोडायचा आणि त्याच वेळी तळव्यानं पेट्रोल वाढवायचं. शेडामागच्या मैदानात मी करून बघितलं. क्लच धरायला गेलो तर ब्रेक धरला. ब्रेक धरायला गेलो तर क्लच धरला. दोनदा पडलो. आयुष्यभराचं शिक्षण उलटं झालं, उजवं कुठलं आणि डावं कुठलं हेही मला त्या दिवशी सांगता येईना.

दिगंबररावही पडले. उठले, पुन्हा बसले. काही रविवार गेले आणि एक दिवस ते मैदानातून सरळ रस्त्यावर गेले, ते तुळजापूरच्या दिशेनं दिसेनासे झाले. मी काळजीनं वाटेकडं बघत बसलो. परत आले ते लांबून ऐकू येत होते. चढावर त्यांनी गिअर बदलला. मी कान देऊन होतो म्हणून मला कळला.

आता मंडळींनी उलटी लिव्हर बघितली. वकीलसाहेबांनी विचारलं, "हे काय?" मी गोंधळून काहीतरी बोलणार, तेवढ्यात दिगंबरराव शांतपणे म्हणाले, "विलायतेत आता अशीच निघती म्हणं. रेसवाले वापरतात."

पुढच्या रविवारी वकीलसाहेब आपली गाडी घेऊन आले. "गनी, माझाही क्लच उजवीकडे घे."

मी दिगंबररावांकडं बघितलं. ते प्लगचा रंग बघण्यात गुंग होते. मी वकीलसाहेबांना परोपरीनं सांगितलं, नका करू, अवघड जाईल. त्यांना वाटलं मी दिगंबररावांपुरतीच ही कला ठेवतोय. शेवटी करून दिला. ते कोर्टाच्या फाटकासमोर, पक्षकारांच्या देखत गटारात गेले, आणि कपडे झटकून म्हणाले, "सवय नाही अजून, पण तंत्र उत्तम आहे." त्यांचं बघून आणखी कुणी कुणी करून घेतला. आणि एके दिवशी आमच्या जिल्ह्यातल्याच वाशी गावाहून एक अनोळखी माणूस नवीकोरी टोपी घालून आला आणि पाटीकडं बघून म्हणाला, "क्लच उजवीकडं करून देणारं दुकान ते हेच का?"

हसावं की रडावं मला कळेना. ज्याला क्लच येत नाही असा माझा बोभाटा होता, त्याच्याकडं लोक आता क्लचसाठीच येत होते. आणि त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं की हे कशासाठी आहे.

डॉक्टरांची बदली झाली. जाताना ते गाडी दाखवायला आले आणि सहज म्हणाले, "तुझा तो माणूस सुटला आता. गोळ्या बंद." मी विचारलं, "साहेब, मी ते दिवस क्लच उघडण्यात घालवले नसते तर बोटं वाचली असती का?" ते म्हणाले, सांगता येत नाही. मलाही अजून सांगता येत नाही. ते दिवस वाया गेले, की त्या क्लचमुळंच तो माणूस माझ्या शेडात येत राहिला आणि वाचला, हा गुंता मी पुष्कळदा उलगडून बघितलाय. दिगंबररावांशी याविषयी कधी बोलणं झालं नाही. आम्ही दोघं आयुष्यभर क्लचविषयीच बोललो.

महाराष्ट्र झाल्यानंतरची गोष्ट. एका सकाळी शेडासमोर एक ट्रक उभा राहिला. वर दोरांनी बांधलेली नवी मोटारसायकल, टाकीवर अजून कागद. दिगंबरराव ट्रकच्या केबिनमधून उतरले. केस पिकायला लागले होते. हमालांनी गाडी खाली घेतली. अशी चकचकीत चीज माझ्या दारात पहिल्यांदाच आली होती. मी हात पुसून टाकीवरून फिरवला आणि विचारलं, "राव, घरच्यांनी बघितली का? पूजा झाली?"

"न्हाय. सोलापुरावरनं सरळ हितं आणलीया."

"का, काय बिघाड हाय?"

"कायबी न्हाय," ते म्हणाले आणि नेहमीच्या लाकडी खोक्यावर जाऊन बसले. "डाव्या हाताची हाय. आपली करून दे."